चिनी भाषेसाठी तीन आठवडे चीनला: जावे का, आणि कसे जावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात दुसऱ्या वर्षाला शिकणारी विद्यार्थिनी दीड वर्ष चिनीच्या वर्गाला जाते आणि एचएसके या चिनी भाषेच्या अधिकृत परीक्षेची दुसरी पातळी पास झाली आहे. एका संस्थेमार्फत जुलैमध्ये तीन आठवड्यांचा ‘भाषा आणि संस्कृती’ कार्यक्रम आहे, त्यात बीजिंग किंवा शीआन यांपैकी शहर निवडायचे आहे. घरचे विचारताहेत, एवढे पैसे घालून तीन आठवड्यांत भाषा येणार आहे का? शिवाय ती शाकाहारी आहे.

घरच्यांना आधी खरे काय ते सांगून टाका. तीन आठवड्यांत भाषा येत नाही. मी बरीच वर्षे चिनी शिकवते आहे, विद्यार्थ्यांचे गट घेऊन तिकडे जातेही, आणि परतल्यावर ज्याचा शब्दसंग्रह दुप्पट झाला असा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. नवे शब्द इथे खोलीत बसूनही पाठ होतात. तिकडे घडते ते वेगळेच. जे तीनशे शब्द तुम्हाला कागदावर येतात, त्यांतले निम्मे कानावर पडले तर ओळखूही येत नाहीत हे पहिल्याच दिवशी कळते, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत त्यांतले बरेचसे ओळखू यायला लागतात. एवढ्यासाठी जायचे. म्हणून मी जा म्हणेन, पण तयारी करून.

जुन्या सहा पातळ्यांच्या रचनेत दुसऱ्या पातळीला ३०० शब्द लागत, तिसरीला ६००, चौथीला १२००. (२०२१ साली नऊ पातळ्यांची नवी रचना जाहीर झाली, तिच्यात आकडे बरेच वाढले आहेत, तुमचा वर्ग कोणत्या यादीवर चालतो ते बघा.) माझ्या अनुभवात तीनशे ते सहाशे शब्दांच्या मधला विद्यार्थी अशा छोट्या कार्यक्रमातून सर्वांत जास्त घेऊन येतो. त्याखालचा विद्यार्थी पर्यटक ठरतो, आणि चौथी पातळी ओलांडलेल्याने तीन आठवड्यांऐवजी एका सत्रासाठी जावे. तुम्ही बरोबर उंबरठ्यावर आहात.

आता जुलैबद्दल. चिनी विद्यापीठांचे सत्र साधारण जुलैच्या सुरुवातीला संपते आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला पुन्हा सुरू होते. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा तिथले विद्यार्थी गावाला गेलेले असतात. कॅन्टीनची निम्मी दालने बंद, मैदान रिकामे, आणि बोलायला उरतात ते आयोजकांनी नेमलेले स्वयंसेवक, ज्यांना स्वतःचे इंग्रजी सुधारायचे असते. शिवाय जुलै-ऑगस्ट हा तिथला सर्वांत उकाड्याचा काळ, आणि इकडे तुमचे कॉलेज सुरू झालेले असते. संस्थेकडे एप्रिल-मेमधली तुकडी असेल तर डोळे झाकून ती घ्या. तेव्हा सत्र चालू असते, आवार भरलेले असते, हवा चांगली असते. फक्त एक मेच्या आसपासची सुट्टी टाळा. तेव्हा सगळा देश एकाच वेळी प्रवासाला निघतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी ऑक्टोबरचा पहिला आठवडा त्याच कारणासाठी टाळावा. जुलैशिवाय पर्याय नसेल तरी हरकत नाही, पण मग माणसे तुम्हाला आवाराबाहेर शोधावी लागतील. त्याबद्दल पुढे लिहिते.

शहर म्हणाल तर शीआन. बीजिंगवर माझा राग नाही. तिथले भाषा आणि संस्कृती विद्यापीठ १९६२ साली परदेशी विद्यार्थ्यांना चिनी शिकवण्यासाठीच निघाले आणि तिथले शिक्षक मुरलेले आहेत. पण त्याच कारणाने त्या परिसरात परदेशी माणूस कोणाला नवा नाही. तुम्ही अडखळलात की समोरचा इंग्रजीवर येतो, आणि तीनशे शब्दवाल्याचे नुकसान तिथेच होते. शीआनमध्ये ही सोय कमी आहे, खर्च कमी आहे, आणि बघण्यासारखे एवढे आहे की आयोजकांनी काही दाखवले नाही तरी चालेल. तिथले लोक आपापसांत स्थानिक बोली बोलतात, ती तुम्हाला कळणार नाही. पण तुमच्याशी बोलताना प्रमाण भाषेवर येतात. दक्षिणेकडे किंवा छंग्तूसारख्या शहरात पहिल्या खेपेला जाऊ नका. तिथे बऱ्याच जणांच्या बोलण्यात ‘स’ आणि ‘श’ एक होतात. मग ‘चार’ आणि ‘दहा’ या आकड्यांत फरक उरतो तो फक्त सुराचा (चिनीत अक्षर कोणत्या सुरात म्हटले यावर अर्थ बदलतो), आणि भाजीच्या भावापासून बसच्या नंबरापर्यंत सगळ्यात घोळ होतो.

पैसे भरण्याआधी आयोजकांना एक प्रश्न नक्की विचारा: वर्ग फक्त आमच्या गटाचा असणार, की इतर देशांचे विद्यार्थीही असणार? फक्त भारतीयांचा गट म्हणजे खोलीत मराठी, बसमध्ये हिंदी, आणि चिनी फक्त सकाळी आठ ते बारा. याउलट वर्गात कोरियन, थाय, कझाक, रशियन मुले असली तर आपसांत बोलायला चिनीशिवाय दुसरी भाषाच उरत नाही. दोघेही अर्धवट बोलतात, म्हणून लाजही वाटत नाही. संस्था ‘आमचाच गट’ हे आकर्षण म्हणून सांगत असेल, तर निदान खोलीतली जोडीदार दुसऱ्या देशाची मागा. पहिल्या दिवशी पातळी ठरवण्याची छोटी परीक्षा होते. आपली मुले तोंडी परीक्षेत धीट असतात पण चित्रलिपी वाचताना मागे पडतात. कोरियन-जपानी मुलांचे बरेचदा उलट असते. वर्ग फार सोपा वाटला तर दुसऱ्याच दिवशी शिक्षिकेला सांगून बदलून घ्या. तिसऱ्या दिवसानंतर पुस्तके वाटून झालेली असतात आणि मग कोणी ऐकत नाही.

निघण्यापूर्वीचे दोन-तीन महिने उच्चारांवर घाला, नवे धडे पुढे ढकलले तरी चालतील. मराठी माणसाला इथे एक फायदा आहे आणि तो बहुतेक जण वाया घालवतात. पिनयिन ही रोमन लिपीतली उच्चारपद्धती १९५८ साली स्वीकारली गेली, आणि आपण ती इंग्रजीसारखी वाचतो. तिच्यातला ‘बी’ हा आपला ‘प’ आहे, ‘डी’ हा ‘त’, ‘जी’ हा ‘क’. ‘पी’, ‘टी’, ‘के’ हे अनुक्रमे ‘फ’, ‘थ’, ‘ख’. यांतला ‘फ’ ओठ मिटून, फळातल्या जुन्या फसारखा म्हणायचा. अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद युरोपियन विद्यार्थ्यांना महिनोन्‌महिने जमत नाही. आपण तो बालवाडीत शिकलेलो असतो. आणखी एक म्हणजे ‘चाक’ मधला च आणि ‘चार’ मधला च मराठी माणसाला वेगवेगळे म्हणता येतात. पिनयिनमधला ‘झेड’ हा चाकातला च, आणि ‘जे’ हा जवळपास चारमधला. हिंदीभाषक मित्रांना यासाठी झगडावे लागते. वहीत सरळ देवनागरीत लिहा, पण इंग्रजी स्पेलिंगवरून नव्हे, ध्वनिमुद्रण ऐकून लिहा.

तोटाही आहे, तो सुरांचा. चार सूर सुटे म्हणायला सगळ्यांना येतात. घोटाळा वाक्यात होतो, कारण मराठीत प्रश्न विचारताना आपण शेवट उंचावतो आणि ठासून सांगताना पाडतो. चिनीत ती उचल शब्दाच्या सुरावर बसते आणि शब्दच बदलतो. ‘माइ’ तिसऱ्या सुरात म्हटले तर विकत घेणे, चौथ्यात म्हटले तर विकणे. बाजारात हे दोन उलटसुलट झाले की काय होते ते वेगळे सांगायला नको. उपाय कंटाळवाणा आहे. दोन अक्षरी शब्दांच्या सुरांच्या वीस जोड्या होतात: पहिल्या अक्षराचे चार सूर, आणि दुसऱ्याचे चार अधिक एक हलका. प्रत्येक जोडीसाठी तुम्हाला येणारा एक शब्द निवडा, रोज सकाळी सगळे वीस फोनवर मुद्रित करा आणि मूळ ध्वनीशेजारी ठेवून ऐका. गायनाचा क्लास केलेल्या मुली यात पटकन पुढे जातात असे मी पाहिले आहे, पण न केलेल्याही पोचतात. तिसरा सूर वाक्यात खाली जाऊन पुन्हा वर येत नाही, बहुतेक वेळा नुसता खालीच राहतो. ही गोष्ट आपल्याकडच्या वर्गांत पुरेशी सांगितली जात नाही.

आकडे इतके पक्के करा की झोपेतून उठवले तरी सांगता यावेत. तिथे टॅक्सी ‘दीदी’ नावाच्या अ‍ॅपवरून मागवतात. गाडीत बसताच चालक विचारतो, ‘वेइहाओ तुओशाओ?’ म्हणजे फोन नंबरचे शेवटचे चार आकडे कोणते. पाठ्यपुस्तकात हे वाक्य सहसा नसते. आणि फोन नंबर सांगताना ‘एक’ला ‘ई’ न म्हणता ‘याओ’ म्हणतात. सहा ते दहा आकडे एका हाताच्या खुणांनी दाखवण्याची तिथली पद्धतही शिकून जा. मंडईत ती फार उपयोगी पडते.

आता तिथे गेल्यावर. सकाळचा वर्ग ठीकच असतो. दुपारी मात्र ‘संस्कृती’ येते: कागद कापणे, मुखवटे रंगवणे, गाठी विणणे, डंपलिंग करणे. फोटो छान येतात. यातून भाषा जवळजवळ शून्य मिळते, कारण सगळे हातवाऱ्यांनी आणि इंग्रजीत चालते, आणि संस्कृती म्हणाल तर शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या चिनी मुलीनेही शाळेनंतर कागद कापलेला नसतो. दोन अपवाद करीन. सुलेखन सोडू नका, कारण रेघांचा क्रम हाताला बसला की फळ्यावरचे आणि दुकानांच्या पाट्यांवरचे घसटते अक्षर वाचता येऊ लागते. आणि ताय-ची, पण आवारात घडवून आणलेली नव्हे. पहाटे सार्वजनिक बागेत जे म्हातारे करतात त्यांच्या मागे उभे राहून केलेली.

बाग हीच तुमची दुपारची खरी शाळा. निवृत्त मंडळी सकाळ-संध्याकाळ तिथे नाचतात, पत्ते आणि बुद्धिबळ खेळतात, मोठ्या कुंचल्याने फरशीवर पाण्याने अक्षरे लिहितात. त्यांना इंग्रजी येत नाही, वेळ भरपूर असतो आणि परदेशी पोरगी दिसली की विचारल्याशिवाय राहवत नाही. कुठली, वय काय, लग्न झाले का, वडील किती कमावतात, तुमच्याकडे रोज करीच खातात का, आमिर खानला भेटलीस का. पहिले दोन दिवस राग येईल. तिसऱ्या दिवशी लक्षात येते की तेच आठ-दहा प्रश्न सगळे विचारतात, आणि त्यांची उत्तरे तुम्हाला आता न अडखळता देता येतात. मग उलट प्रश्न विचारायला लागा. वयाने मोठ्या बाईंना ‘आयी’, पुरुषांना ‘शूशू’, टॅक्सीचालकाला ‘शिफू’ म्हणा. काही न म्हणता सुरुवात करणे उद्धट वाटते. सीमावाद किंवा राजकारण निघाले तर ‘मी विद्यार्थिनी आहे, मला यातले फार कळत नाही’ हे वाक्य आधीच घोटून ठेवा. तेवढे पुरते, समोरचाही सुटकेचा श्वास टाकतो.

रोज एक काम ठरवा आणि ते बोलूनच करा. हल्ली उपाहारगृहात टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन करून जेवण मागवतात, दुकानात तोंड न उघडता पैसे देतात, त्यामुळे तीन आठवडे एकही वाक्य न बोलता सुखाने राहता येते. म्हणून मुद्दाम जिथे बोलावेच लागते तिथे जा. भाजीबाजारात पीच अर्धा किलो मागा (तिथे भाव बहुधा ‘चिन’ला, म्हणजे अर्ध्या किलोला सांगतात). छपाईच्या दुकानातून दोन पानांची पाठपोट प्रत काढून आणा. चष्म्याचा स्क्रू बसवून घ्या. केस कापून घेण्याइतके धाडस मी सुचवणार नाही, पण ज्यांनी केले त्यांचे चिनी सुधारले, केसांचे मात्र सांगत नाही. संध्याकाळी त्या कामात कुठे अडलात ते पाच ओळींत लिहा आणि दुसऱ्या दिवशी शिक्षिकेला विचारा. वर्ग त्यासाठी वापरायचा.

जेवणाचे. शाकाहारी माणूस चीनमध्ये उपाशी मरत नाही, पण ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. मांस नको म्हटले की मोठे तुकडे वगळतात. खिमा, सुके कोळंबे किंवा हाडांचे सूप राहून जाते, आणि त्यात फसवणूक काहीच नसते. ‘वो छ सू’, मी शाकाहारी खाते, असे सांगा आणि पुढे खिमा नको, मांसाचे सूप नको, हे स्वतंत्र वाक्यांत सांगा. तिन्ही वाक्ये चित्रलिपीत लिहून फोनमध्ये ठेवा. अंडे खात असाल तर टोमॅटो-अंडे कुठेही मिळते. नसाल तर बटाट्याच्या आंबट-तिखट काचऱ्या, वांगी-बटाटा-मिरचीची ‘ती सान श्येन’ ही भाजी (तेलकट, पण भातावर झकास) आणि शीआनचे गार ‘ल्यांगफी’ नूडल्स यांवर दिवस निघतात. मोठ्या बौद्ध मंदिरांजवळ बरेचदा शुद्ध शाकाहारी उपाहारगृह असते. तिथे पारंपरिक रीतीने कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे जैन मैत्रिणींचीही सोय होते. वेळेची सवय मात्र बदलावी लागेल. कॅन्टीनमध्ये संध्याकाळचे जेवण साडेपाच-सहाला मिळते. आपल्या वेळेने साडेआठला गेलात तर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या दिसतील. दुपारी बारा ते दोन सगळे झोपतात. त्या वेळात कार्यालयात जाऊन काम मागू नका.

फोनची तयारी इथूनच करा. वीचॅट हे संदेशांचे चिनी अ‍ॅप २०२० सालापासून भारतात बंद आहे, आणि तिकडे वर्गाच्या सूचनांपासून सगळे त्यावर चालते. तिथे पोचल्यावर खाते उघडावे लागेल आणि पडताळणीला एखाद्या जुन्या वापरकर्त्याची गरज पडू शकते. आयोजकांपैकी कोण मदत करील ते आधीच विचारून ठेवा. पैशांसाठी अलिपे या अ‍ॅपला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येते. कार्ड परदेशी व्यवहारांसाठी चालू करून घ्या आणि थोडी रोकड जवळ ठेवा. गूगल, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब चिनी इंटरनेटवर उघडत नाहीत; भारतीय सिमवर रोमिंग घेतले तर बहुतेक वेळा चालतात, म्हणून आईवडिलांशी बोलण्यापुरते छोटे रोमिंग घ्या आणि बाकीसाठी तिथले सिम. प्लेको हा शब्दकोश निघण्यापूर्वीच उतरवून ठेवा, तो इंटरनेटशिवाय चालतो. १८० दिवसांपर्यंतच्या शिक्षणासाठी ‘एक्स-टू’ व्हिसा असतो आणि त्याला विद्यापीठाचे प्रवेशपत्र लागते. संस्था ‘पर्यटक व्हिसावर जाऊ’ म्हणत असेल तर कारण विचारा. हॉटेल किंवा वसतिगृह सोडून कोणाच्या घरी राहिलात तर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते.

शीआनला गेलात तर पहिल्या चिनी सम्राटाच्या थडग्याजवळचे मातीचे सैनिक सगळे दाखवतीलच. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडले ते. पण एक दुपार तायेन थाला, म्हणजे मोठ्या रानहंस पॅगोडाला द्या. श्वानत्सांगने, ज्याला आपण ह्युएनत्संग म्हणतो, भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवण्यासाठी तो इसवी सन ६५२ मध्ये बांधला. हाच माणूस सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या काळी महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथल्या लोकांबद्दल लिहून गेला: मानी, उपकार न विसरणारे, अपमान झाला तर सूड घेणारे. हे चार वाक्यांत चिनीत सांगायची तयारी करून जा. वर्गात स्वतःची ओळख करून देताना सगळे ‘मला क्रिकेट आवडते’ म्हणतात. तुम्ही हे सांगा आणि शिक्षिकेचा चेहरा बघा.

बीजिंगच मिळाले तर एक दिवस वेगवान रेल्वेने श्रज्याच्वांगला जाऊन या, साधारण सव्वा तासाचा प्रवास आहे. तिथल्या हुतात्मा स्मारकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. सोलापूरचे हे डॉक्टर १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून गेले (पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते), तिथली भाषा शिकले, त्या भाषेत शिकवूही लागले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले, वय अवघे ३२. चिनी लोक त्यांना ‘ख तीह्वा’ म्हणतात. तिथल्या हपेई प्रांतात वयस्क माणसाशी बोलताना हे नाव घेऊन बघा, पुढचा अर्धा तास तुम्हाला फक्त ऐकायचे आहे.

घरच्यांचा पैशांचा प्रश्न राहिला. कार्यक्रमाच्या शेवटी लाल शिक्क्याचे प्रमाणपत्र मिळते. नोकरीसाठी त्याला किंमत नाही. चाकणला सॅनी, रांजणगावला हायर अशा चिनी कंपन्या आहेत, आणि दुभाष्याच्या मुलाखतीत विचारतात ती एचएसकेची पातळी, मग समोर बसवून बोलायला लावतात. प्रमाणपत्रासाठी खर्च करत असाल तर करू नका. तेवढाच खर्च जड जात असेल तर चिनी सरकारच्या भाषा-शिक्षण शिष्यवृत्तीत चार आठवड्यांची श्रेणीही असते, तिची चौकशी करा. वर्षभर थांबावे लागले तरी बिघडत नाही, तोवर तिसरी पातळी होईल.

आणि निघण्यापूर्वीच परतीनंतरच्या तीन-चार महिन्यांतली तिसऱ्या पातळीची परीक्षा ठरवून टाका. कान उघडलेला असतो तेव्हा ऐकण्याचा पेपर सोपा जातो. दिवाळी ओलांडली की पुन्हा बंद व्हायला लागतो. वीचॅटवरच्या ओळखी इथे उतरल्यावर तुटतात, म्हणून ज्यांच्याशी खरी मैत्री झाली त्यांचे ईमेल पत्ते कागदावर घ्या आणि त्यांच्याकडून एकेक मिनिटाचे बोलणे फोनवर मुद्रित करून आणा, विषय काहीही चालेल. बागेतल्या आयी यासाठी आनंदाने तयार होतात, फक्त त्या एका मिनिटावर थांबत नाहीत.